अंतराळपोशाखाच्या हातमोज्याचे बोट ताठ का होते?

प्रश्न : मी नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी आम्ही अंतराळपोशाखाच्या हातमोज्याचे एक बोट शिवले. परंतु आत हवा भरताच ते काठीसारखे ताठ झाले. कापड बदलूनही फरक पडला नाही. चूक कुठे असावी, आणि निर्वात कक्ष नसताना चाचणी कशी घ्यावी?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : चूक कापडात नसून शिवणीच्या आखणीत असावी. अंतराळस्थानकाबाहेर काम करताना नासाच्या पोशाखात सुमारे ४.३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाचा ऑक्सिजन असतो, म्हणजे बोटाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर आतून साधारण ३०० ग्रॅमचा रेटा येतो. साधी नळी वाकवली की तिच्या आतली जागा घटते, आणि त्या रेट्याविरुद्ध ती घटवण्याचे कष्ट दर वेळी बोटालाच पडतात. १९६५ मध्ये यानाबाहेर पडलेले सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यांचा पोशाख फुगून इतका ताठरला, की यानात परतण्यासाठी त्यांना आतला दाब कमी करावा लागला.

सायकलच्या चाकात हवा ट्यूब धरते आणि ताण टायर सोसतो. तसेच इथेही असते. म्हणून आतली रबरी पिशवी कापडी आवरणापेक्षा किंचित मोठी ठेवा, म्हणजे ताण रबरावर येणार नाही. सांध्यापाशी पेटीच्या भात्यासारख्या चुण्या घाला आणि बोटाच्या दोन्ही कडांना, बरोबर मध्यरेषेवर, न ताणणारी फीत शिवा. मग तळव्याकडच्या चुण्या मिटतात तेवढ्याच पाठीकडच्या उघडतात, आणि आतली जागा जवळजवळ तेवढीच राहते. ही फीत थोडी जरी सरकली, तरी बोट एका अंगाला ओढते; माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा.

चाचणीसाठी कॉम्प्रेसर वापरू नका. तीन मीटर उंचीच्या पाण्याचा दाबही जवळपास ४.३ पीएसआय भरतो. तेव्हा जिन्यावरून पारदर्शक नळी खाली सोडा, बोट तिच्या टोकाला घट्ट बांधा, आतली हवा पूर्ण काढून पाणी भरा आणि बोट स्प्रिंगच्या काट्याने ओढून वाकवा. काटा लागणारे बल दाखवील; नळीत पाणी किती चढले यावरून आतली जागा किती घटली तेही कळेल. नळीच्या पोकळीचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटीमीटर असेल, तर पाणी एक सेंटीमीटर चढणे म्हणजे एक घन सेंटीमीटर घट.

अशी काही हजार आवर्तने घेऊन फितीच्या टोकांची शिवण भिंगाखाली तपासा, आणि पहिल्या व शेवटच्या आवर्तनाची मापे वहीत शेजारी शेजारी मांडा.