गोळ्या "थोड्या" राहिल्या म्हणजे किती?

पत्र लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. सोलापूरची एक आई. सात वर्षांच्या मुलाला दीड वर्षापूर्वी एएलएल निघाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. मुंबईत केमो झाली, आता घरी मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार उलटू नये म्हणून लांबवर द्यायच्या गोळ्या चालू आहेत. नवऱ्याला पोराच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावून कॅन्सर संशोधनासाठी देणगी गोळा करायचीय. सासूबाई म्हणतात गावभर बोभाटा नको, उद्या मोठ्या पोरीला स्थळं यायची आहेत. बाई विचारते, "ताई, मी कोणाची बाजू घेऊ?"

अगं, बाजूचं राहू दे. चार पानं नवरा-सासू लिहून झाल्यावर शेवटी एक ओळ टाकलीयस, "गड्ड्याच्या गडबडीत गोळ्या थोड्या राहिल्या, त्याला मळमळतं म्हणून आईपण म्हणाल्या सणाचं राहू दे, पण आता छान खेळतोय." गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, आई म्हणजे सासूबाई. मी तिथंच अडकले. थोड्या म्हणजे किती? काठ्यांच्या मिरवणुकीचे दोन दिवस, अक्षता सोहळ्याला पाहुणे आले ते दोन दिवस, आणि मग होम मैदानावर पाळण्यात बसायला गेलात तो एक? पोराला बाराबंदी घालून बापाच्या खांद्यावर बसवलेलं तू कौतुकाने लिहिलंयस, त्या रात्री गोळी दिली का ते लिहिलं नाहीस. आणि डॉक्टरला सांगितलं का, तेही नाही. नसणारच सांगितलं.

खेळतोय म्हणजे बरा आहे असं नसतं गं. मेंटेनन्सला येणारी बहुतेक पोरं खेळतच असतात. मायक्रोस्कोपखालीसुद्धा सापडत नाहीत अशा उरलेल्या पेशींसाठी त्या गोळ्या असतात, म्हणून तर इतके महिने द्यायच्या. अमेरिकेत यावर अभ्यास झालाय, गोळीच्या बाटलीच्या टोपणात चिप बसवली, बाटली कधी उघडली ते कळायचं. ज्यांच्या 95 टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या पोटात गेल्या त्या पोरांत आजार उलटण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. 95 टक्के म्हणजे महिन्यात एखादीच चुकली तर चालेल, पाच नाही. आणि चिपने हेही दाखवलं की बऱ्याच घरांतून सांगताना गोळ्या जास्त दिल्याचं सांगतात, तर तू काही जगावेगळी नाहीस, पण म्हणून मी गप्पही बसणार नाही.

दुसरं, डॉक्टर डोस ठरवतात रक्ताचा रिपोर्ट बघून. गोळ्या बुडल्या की काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, वर जातात, त्यांना वाटतं डोस कमी पडतोय, ते वाढवतात, इकडे तू घाबरून सगळ्या नेमाने देतेस आणि काउंट धाडकन खाली, मग ताप, मग ऍडमिट, आणि सासूबाई म्हणणार औषधानेच पोर आजारी पडलं.

नवऱ्याला संशोधनासाठी काही करायचंय ना, त्याला हे सांग. 1947-48 मध्ये बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बरने याच रक्ताच्या कॅन्सरच्या 16 पोरांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं, 10 सुधारली, पण थोड्याच महिन्यांत आजार उलटला. ते औषध ज्यांच्या टीमने बनवलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रचे, तुझ्या शेजारच्या तेलुगू बायकांनापण सांग, खूश होतील. तुझ्या पोराची आठवड्याची गोळी, मेथोट्रेक्सेट, त्याच जातकुळीतली. रोजची गोळी, सिक्स-एमपी, शोधली गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या शास्त्रज्ञांनी, त्यांना 1988 ला नोबेल मिळालं. एकेका औषधाने आजार उलटतोच हे कळलं, मग औषधं एकत्र दिली, पुढे गोळ्या लांबवर चालू ठेवल्या, तेव्हा कुठं पोरं टिकायला लागली. त्या लांबवरच्या गोळ्याच तू गड्ड्यात बुडवल्यास.

बाकी फ्लेक्सचं एका दमात सांगते. देणगी गोळा करू दे, रीतसर पावती घ्या, पण पोराचा फोटो लावायचा नाही, शाळेत त्यालाच जायचंय. लांब कुठं द्यायची गरज नाही, आपल्या जिल्ह्यात बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 पासून तिथलीच, गावोगाव फिरून नोंदी ठेवतात, तेपण संशोधनच. पोरीच्या स्थळांवर मी एक शब्द वाया घालवणार नाही.

उद्या सकाळी ओपीडी उघडली की फोन लाव. पुढच्या महिन्यात सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला जाणारच आहोत, तेव्हा सांगू, असं करायचं नाही. आज रात्री गोळ्यांची पाकिटं काढून बस, उरलेल्या मोज, कॅलेंडरवर तारखा लिही, आणि फोनवर "थोड्या" म्हणू नकोस, आकडा सांग. ओरडले तर ऐकून घे. राहिलेल्या भरून काढायला डबल देऊ नकोस, ते सांगतील तेच. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, तिचा वार सासूबाईंनापण पाठ करायला लाव, उद्या तू माहेरी गेलीस तर डबा त्यांच्याच हातात असणार आहे.