निम्मेच पैसे जमले तर काय करशील?

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला, सोबतची एक्सेल शीट पण नीट बघितली. तमाशा फडांवर एक फोटोबुक, त्याच विषयावर तासाभराची डॉक्युमेंटरी, दोन्हीसाठी लोकांकडनं ऑनलाइन पैसे गोळा करायचं, म्हणजे क्राउडफंडिंगचं, साडेनऊ लाखांचं एकच टार्गेट, आणि खाली प्रश्न काय तर ‘ताई, कुठली साइट चांगली?’ साइटचं बघू गं नंतर. आधी मला सांग, साडेनऊच्या जागी साडेचारच जमले तर तू काय करशील? याचं उत्तर शीटमध्ये कुठंच नाहीये, आणि माझ्या मते पैसे गोळा करायचं मॉडेल ठरतं ते ह्या एका उत्तरावरच.

फोटोबुकचं घे. चार रंगांत ऑफसेटवर छापायचं म्हणजे प्लेटा, मशीन लावणं, रंग जुळेपर्यंत वाया जाणारा कागद, हा खर्च तू 200 प्रती काढ नाहीतर 1000 काढ, होतोच. म्हणून 200 प्रतींचं आणि 500 प्रतींचं कोटेशन शेजारी ठेवलंस तर एका प्रतीचा भाव कसा धाडकन खाली येतो ते दिसेल तुला. म्हणजे निम्म्या पैशात निम्मं पुस्तक छापून होत नाही. आणि तू तर लोकांना प्रत कबूल केलेली असणार, मग समज दीडशे जणांचे पैसे घेऊन बसलीयेस आणि प्रेसचं गणित 500 शिवाय जमत नाहीये, तर एकतर उरलेले घरातनं घालायचे नाहीतर लोकांचे फोन चुकवत फिरायचं. अशा कामाला ऑल ऑर नथिंगच पाहिजे, आकडा गाठला तरच पैसे घ्यायचे नाहीतर कुणाचा रुपया ठेवायचा नाही. किकस्टार्टर ही अमेरिकन क्राउडफंडिंग साइट 2009 पासून हेच करतेय, टार्गेट हुकलं तर कुणाच्याही कार्डावरनं पैसे कापलेच जात नाहीत, गाठलं तर ते 5 टक्के घेतात आणि पेमेंटची फी वर वेगळी.

डॉक्युमेंटरीचं तसं नाही, तिचे टप्पे पाडता येतात. निम्मे पैसे आले तर शूटिंग उरकून घेता येतं, एडिट आणि साउंड पुढच्या वर्षी, फुटेज काही पळून जात नाही. तिथं जेवढे येतील तेवढे ठेवायचे हे मॉडेल चालेल, फक्त पहिल्याच दिवशी स्पष्ट लिही की एवढे जमले तर शूटिंग, एवढे जमले तर एडिट, आणि फिल्म पूर्ण झालीच नाही तर फुटेजचं काय करणार ते पण.

मात्र कॅलेंडर बघ. दसऱ्याला बाहेर पडलेला फड बुद्ध पौर्णिमेच्या आसपास थांबतो. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेच्या खेळाची सुपारी द्यायला येतात ते गुढीपाडव्याच्या सुमारास, आणि खरी धामधूम चैत्र-वैशाखातल्या जत्रांची. तुझ्या शीटमध्ये कॅम्पेन एप्रिल-मे लिहिलंय! पैसे हातात यायला जून उजाडला तर शूटिंग कशाचं करणार, गुंडाळून ठेवलेल्या तंबूंचं? फिल्मचं कॅम्पेन माघात संपलं पाहिजे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. पुस्तकाला ही घाई नाही, ते खुशाल दिवाळीच्या आधी आण. एवढ्यासाठी तरी दोन्ही वेगळं कर, एका टार्गेटमध्ये दोन्ही कोंबलंस तर पुस्तकवाले विचारणार फिल्मला का थांबायचं आणि फिल्मवाल्यांना पुस्तक नकोच असणार.

आता साइट. किकस्टार्टर भारतात राहणाऱ्यांना प्रोजेक्ट टाकू देत नाही, ते ज्या देशांची यादी देतात त्यात आपण नाही. न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या नावाने टाकू असं तू लिहिलंयस, नको टाकूस. पैसे त्याच्या खात्यात जाणार, तिथल्या टॅक्सवाल्यांना उत्तर तो देणार, आणि पुस्तक पोचलं नाही म्हणून भांडायला लोक त्याच्याकडे जाणार. आपल्याकडच्या केटो, मिलाप वगैरेंवर बहुतेक आवाहनं आजारपणाची. कुणाच्या तरी मुलाच्या ऑपरेशनशेजारी आपलं कॉफी टेबल बुक लावायचं हे मला तरी अवघड वाटतं, तुझं तू बघ.

पुस्तकाला आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत आहेच की, मराठी प्रकाशक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत, आधी नाव नोंदवा, पैसे भरा, पुस्तक स्वस्तात मिळेल. तुझ्या फडमालकांना विचार, गावाकडनं इसार घेतल्याशिवाय ते तरी तारीख देतात का. तू पण तेच कर. साधा गूगल फॉर्म, नावनोंदणी, एक शेवटची तारीख, आणि नोंदणीचा आकडा गाठला की पेमेंटची लिंक पाठवायची. पैसे आधीच घेतलेस आणि मग परत करायची वेळ आली तर पेमेंट गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पेमेंट घेऊन देणाऱ्या कंपनीची, फी सहसा परत मिळत नाही, ती तुझ्या बोकांडी. पण फॉर्म भरणारे सगळे पैसे भरत नाहीत हे पण धरून चाल. कमेंटमध्ये ‘माझी एक प्रत नक्की’ लिहिणारे तर मोजूच नकोस.

आकडा कसा काढायचा ते करून दाखवते, भाव तुझे तू टाक. समज 500 प्रतींना प्रेसने प्रतीमागे 430 सांगितले, म्हणजे 2,15,000. प्रकाशनपूर्व किंमत 900 आणि नोंदणी 350, म्हणजे जमा 3,15,000. बॉक्स, बबल रॅप, पोस्ट मिळून माणशी 100 धरले तर 35,000 गेले. गेटवेचे 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, साधारण साडेसात हजार. उरले सत्तावन्न-अठ्ठावन्न हजार, त्यात डिझाइन, जुन्या फोटोंचं स्कॅनिंग आणि ज्यांचे फोटो छापतेयस त्या कलाकारांचं मानधन. हे शेवटचं तुझ्या शीटमध्ये नव्हतं, ते आधी घाल. आणि 350 ऐवजी 300 नोंदण्यांवर काय होतं ते काढून बघ, उरतात जेमतेम 18 हजार. म्हणून तुझं टार्गेट रुपयात लिहू नकोस, 350 नोंदण्या असं लिही, लोकांना पण ते पटकन कळतं.

पैसे देणाऱ्यांना द्यायच्या रिवॉर्डच्या यादीतनं टी-शर्ट, कॉफीचे मग आणि ती छोटी ढोलकी काढून टाक बाई. प्रत्येक साइजचे टी-शर्ट शिवून घ्यायचे, ढोलकी फुटू नये म्हणून वेगळं पॅकिंग, ह्या भानगडीत पुस्तक राहील बाजूला. सही केलेली प्रत आणि एक मोठा प्रिंट, बास.

फिल्मच्या नफ्यात वाटा देऊ ही आयडिया कुणी डोक्यात घातली माहीत नाही, पण ती कट कर. शेअर विकायचे तर कंपनी लागते, प्रायव्हेट कंपनीला सगळ्या जगाला शेअर घ्या म्हणता येत नाही, निवडक माणसांनाच शेअर द्यायचे, ज्याला प्रायव्हेट प्लेसमेंट म्हणतात, तर त्याला वर्षाला 200 माणसांची मर्यादा आहे, आणि इंटरनेटवरनं असे पैसे गोळा करणाऱ्यांपासून सावध राहा असं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2016 मध्येच बजावलंय. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढून शेअर विकले होते हे खरं, पण ते 23 खंडांचं काम होतं आणि काळही वेगळा. पॅट्रिऑनसारखं महिन्याचं सदस्यत्व तुला उपयोगाचं नाही, त्याला दर महिन्याला काहीतरी द्यावं लागतं आणि तुझं काम दोन वर्षांतनं एकदा पूर्ण होणारं.

फिल्मसाठी नुसती वर्गणी मागणारेस, तर टॅक्सचं ऐक. बदल्यात काही न देता परक्या माणसांकडनं वर्षात एकूण 50,000 च्या वर मिळाले की सगळी रक्कम उत्पन्नात धरतात, फक्त वरची नाही. पुस्तक विकलंस तर तो धंदा, खर्च वजा होतो. देणगीदाराला टॅक्समध्ये सवलत मिळवून देणारी, 80जीची म्हणतात ती पावती तू स्वतः देऊ शकत नाहीस, त्याला तशी नोंदणी असलेली संस्था लागते, आणि त्या संस्थेने परदेशी नागरिकत्व घेतलेल्या काकांकडनं देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची परवानगी पण. काकांना सरळ पुस्तक विक. सीएला एकदा भेटच, आणि कॅम्पेनच्या आधी भेट.

श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’चं उदाहरण तू दिलंयस, ती फिल्म काढायला 5 लाख शेतकऱ्यांनी 2-2 रुपये दिले म्हणून. बरोबर आहे, पण ते 5 लाख लोक गुजरातच्या दूध सहकारी संस्थांचे सभासद होते, रोज डेअरीवर दूध घालणारे, 1976 च्या त्या फिल्मच्या आधीपासून एकत्र बांधलेले. तुझे 350 कोण? इन्स्टाचे फॉलोअर म्हणू नकोस. नाटकवाले, लोककलेचे प्राध्यापक, जिल्ह्यातली वाचनालयं, जत्रा कमिट्यांतली हौशी माणसं, बाहेरदेशची महाराष्ट्र मंडळं, अशी नावानिशी यादी कर. शंभर नावं सुचली नाहीत तर तारीख जाहीर करू नकोस.

आणि पोस्टाचं. ज्ञान पोस्ट म्हणून सेवा निघालीये 2025 मध्ये, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100, वर टॅक्स. पण ती शैक्षणिक, सांस्कृतिक वगैरे पुस्तकांना, धंदेवाईक मजकूर किंवा जाहिरात असेल तर घेत नाहीत, म्हणून त्या ज्वेलर्सची पानभर जाहिरात घ्यायच्या आधी पोस्टात जाऊन विचार. प्रेसवाल्याला सांगून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घे, बॉक्ससकट पोस्टाच्या काट्यावर ठेव, आणि मग 900 की 950 ते ठरवून नवीन शीट पाठव मला. यावेळी दोन शीट, एक पुस्तकाची, एक फिल्मची.

तुझी,
ताई