स्तुती मोठ्यानं बोलूनच करायची का?

देवाला मनातलं कळतं, मग प्रार्थनेत स्तुती तोंडानं कशाला, असा तुमचा प्रश्न आहे. मनातली प्रार्थनाही पोचतेच. बायबलमधल्या 1 शमुवेल या पुस्तकात हन्ना नावाची बाई प्रार्थना करताना तिचे नुसते ओठ हलत होते, तरी देवानं तिचं ऐकलं.

पण बोललेली स्तुती शेजारच्यालाही आधार देते. फिलिप्पै शहराच्या तुरुंगात येशूचा संदेश सांगणारे पौल आणि सीला मध्यरात्री प्रार्थना करत, देवाची गीतं गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते (प्रेषितांची कृत्ये 16:25). पाय खोड्यात अडकलेले असताना!

आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागात घरगुती प्रार्थनेला बसलं की हे दिसतं. एखादी मावशी भाताची लावणी पार पडली म्हणून मराठीत आभार मानते, पलीकडून कुणी कन्नडमध्ये 'देवरिगे स्तोत्र' (देवाची स्तुती असो) म्हणतं, आणि सगळे 'आमेन' म्हणतात. तिचा आनंद तेव्हा सगळ्यांचा होतो. मला तरी हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आवाज चढवायलाच हवा असं मात्र नाही; ओरडण्यानं भक्ती वाढत नाही. बोलायचा संकोच वाटत असेल तर घरी बायबलमधलं स्तोत्र 103 मोठ्यानं वाचा, मग त्यात आपलं एक वाक्य जोडा: आज देवानं नेमकं काय दिलं ते.