ठाण्यातल्या हेडफोन मीटला, म्हणजे हौशी लोक आपापले हेडफोन आणून एकमेकांना ऐकवतात त्या मेळाव्याला, पहिल्यांदाच जातोय. तिथे हेडफोन आणि अ‍ॅम्पची (हेडफोनला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची) तुलना कशी करू? महागड्या अ‍ॅम्पने खरंच फरक पडतो का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते कळलं की पहिला निम्मा सुटतो. फरक पडतो, पण हेडफोन बदलल्यावर जो पडतो त्याच्या मानाने फार थोडा, आणि तोही ठरावीक जोड्यांमध्येच. म्हणून मीटला जास्त वेळ हेडफोन ऐकण्यात घालवा.

वर्तकनगरच्या बाजूला आमची मंडळी जमतात तिथे एक गोष्ट हमखास दिसते. नवा माणूस आधी फोनच्या डोंगलवर (फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या अडॅप्टरवर) ऐकतो, मग तोच हेडफोन मोठ्या अ‍ॅम्पच्या बॅलन्स्ड जॅकला (प्रत्येक कानाला स्वतंत्र तारांची जोडी देणाऱ्या जॅकला) लावतो आणि म्हणतो, "बापरे, केवढं मोकळं वाटतंय!" बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये बॅलन्स्ड जॅकला साध्या जॅकच्या दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे नॉब न हलवताही आवाज ६ डेसिबलने चढतो. एवढा फरक निदान लक्षात तरी येतो. अर्ध्या-एक डेसिबलचा फरक जास्त फसवतो, कारण तो कानाला 'मोठा' वाटत नाही, 'स्वच्छ' किंवा 'जिवंत' वाटतो.

तेव्हा दोन अ‍ॅम्प शेजारी ठेवले की पहिलं काम आवाजाची पातळी सारखी करण्याचं. मीटला कुणाकडे तरी मल्टिमीटर असतोच. फोनवरून ४०० हर्ट्झचा सूर सोडा, हेडफोन जोडलेला पण कानावरून उतरवलेला ठेवा, दोन्ही अ‍ॅम्पच्या आउटपुटचं एसी व्होल्टेज मोजा आणि एक-दोन टक्क्यांच्या आत जुळवा. मग वायर दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा आणि कोणता अ‍ॅम्प चालू आहे ते तुम्हाला कळू देऊ नका. एवढं केल्यावर नीट बनवलेले, पुरेशा ताकदीचे दोन सॉलिड-स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारे) अ‍ॅम्प मला तरी वेगळे ओळखता येत नाहीत.

पुरेशी ताकद म्हणजे किती, ते हेडफोनवर अवलंबून. बऱ्याच डोंगलमधून साधारण १ व्होल्ट मिळतं. ३०० ओहम इम्पीडन्सच्या (म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या) सेनहायझर एचडी ६०० ला त्यात जेमतेम ३ मिलिवॉट पोचतात आणि तरी घरात ऐकायला आवाज पुरतो. उलट हायफायमॅनचा जुना एचई-६ फक्त ५० ओहमचा, पण १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबलच देतो. त्यात २० डेसिबल वाढवायचे तर १०० पट पॉवर लागते. तिथे मोठा अ‍ॅम्प हवाच, हौस म्हणून नव्हे.

ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे) मात्र अवश्य ऐका, कारण तिथे फरक खराच असतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा अडथळा, बऱ्याचदा जास्त असतो, आणि एचडी ६०० चा इम्पीडन्स १०० हर्ट्झच्या आसपास ३०० वरून ५०० ओहमच्या वर जातो. अ‍ॅम्पचा इम्पीडन्स १०० ओहम धरला तर त्या पट्ट्यात साधारण १ डेसिबलचा उठाव येतो. पखवाजाची धूम भरीव लागते, ती यामुळे. कानाला छान वाटतं, मलाही आवडतं. त्याच अ‍ॅम्पला प्लेनर (सपाट पडद्याचा हेडफोन) लावलात तर त्याचा इम्पीडन्स सपाट, म्हणजे सगळ्या सुरांना सारखाच, असल्याने हा उठाव येणार नाही, फक्त आवाज खाली जाईल.

आता हेडफोन. यांची पातळी मीटरने जुळत नाही, म्हणून गायकाचा आवाज दोन्हींत सारखा लागेपर्यंत नॉब कानाने फिरवा. चष्मा असेल तर एकदा काढून ऐका. बंद हेडफोनच्या गादीखाली काडी आली की फट पडते आणि बास गळतो. 'बेयरचा डीटी ७७० पातळ वाजतो' असं कुणी म्हणालं की मी आधी त्याचा चष्मा बघतो. गाद्या किती दबल्यात तेही तपासा, जुन्या गाद्यांवरून मॉडेलबद्दल मत बनवणं अन्याय आहे.

गाणी स्वतःची न्या, ज्यांची जागा न् जागा पाठ आहे अशी. माझी पहिली कसोटी तानपुरा. जवारीचा झणत्कार मोकळा लागतो की किरकिरतो, यावरून वरच्या पट्टीतला दोष लगेच कळतो. फक्त ओपन-बॅक (मागून उघडे) हेडफोन ऐकताना पंखा बंद करायला सांगा, नाहीतर तानपुऱ्याची बारीक आस त्याच्या घरघरीत जाते. घोडबंदर रोडच्या हॉर्नमधून येणार असाल तर पोचल्यावर थोडा वेळ नुसत्या गप्पा मारा, कान निवू द्या.

आणि प्लग लावण्याआधी प्रत्येक वेळी नॉब शून्यावर आणा. आधीचा माणूस एचई-६ ऐकून उठला असेल आणि तुम्ही त्याच जॅकला इन-इअर लावलेत, तर इन-इअर आणि कान, दोन्हींना इजा होऊ शकते.