वयस्कर आईवडिलांना घेऊन टोरोंटोहून कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळचे हिमनग पाहायला जायचंय. आरव्ही (राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) घ्यावी की हॉटेलं बुक करावीत? जूनमध्ये हिमनग दिसतात का?

आरव्हीच घ्या. हॉटेलाचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, त्यात माझा दादा पहिला.

"आईचे गुडघे असे, आणि तू त्यांना पत्र्याच्या डब्यात घालून फिरवणार?" पुण्यात बसून हा फोनवर विचारतो! दादाच्या हिशेबात आईवडील कॅनडात आले की नायगारा दाखवायचा, फोटो काढायचे, परत विमानात बसवायचं. बाबा रेल्वेत गार्ड होते. बत्तीस वर्षं त्यांनी हलत्या डब्यातच काढली, ते त्याला आठवलं नाही.

आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो. टोरोंटोशेजारच्या मिसिसॉगाहून नोव्हा स्कोशियातल्या नॉर्थ सिडनी बंदरापर्यंत रमतगमत चार दिवस, मग न्यूफाउंडलंडच्या पोर्ट ओ बास्क बंदरापर्यंत सातेक तासांचा फेरीबोटीचा प्रवास. फेरीबोटीवर चढण्याआधी गॅसची टाकी बंद करावी लागते आणि वाटेत गाडीत बसू देत नाहीत, तेव्हा शाल-औषधं आधीच पिशवीत काढून ठेवा. तिथून हिमनग बघायचं गाव, ट्विलिंगेट, गाठायला अख्खा दिवस. अंधार पडला की गाडी उभी करायची, कारण रस्त्यावर मूस, म्हणजे अवाढव्य हरणं, येतात. १९०४ मध्ये बेटावर चार आणून सोडले होते, आता लाखाच्या आसपास आहेत.

आणि पोचलो तर धुकं. दीड दिवस समोरचा समुद्रसुद्धा दिसेना. एका रात्रीचं हॉटेल असतं तर तसेच परत फिरलो असतो. इथे काय, कुकर लावला, वरण-भात खाल्ला, पत्ते खेळलो. कॅम्पग्राउंडवर गाडी लावायची जागा रिकामी होती म्हणून मुक्काम वाढवला.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला बाबांनी हलवून उठवलं. धुकं गेलं होतं आणि खिडकीतून समोरच्या खाडीत पांढराशुभ्र डोंगर. ग्रीनलंडहून निघून इथवर यायला या हिमनगांना दोन-तीन वर्षं लागतात. नऊ दशांश पाण्याखाली, त्यामुळे उथळात बूड टेकतं आणि मग तिथेच मुक्काम. आई संध्याकाळी म्हणाली, "सकाळपासून इथेच बसलाय, याला घरदार नाही का?"

उन्हाळ्यात तिथलं घड्याळ भारताच्या बरोबर आठ तास मागे असतं, अर्ध्या तासाची भानगड नाही. म्हणून त्या पहाटे हिमनग दिसताच आईने दादाला व्हिडिओ कॉल लावला होता, तिकडे दुपारचा एक. "मीटिंगमध्ये आहे" म्हणून त्याने कट केला.

किनाऱ्याला लागलेला मूठभर बर्फ बाबांनी कोकम सरबतात टाकला आणि पेला कानाला लावून बसले. हजारो वर्षं दाबून राहिलेली हवा सुटताना तडतडते. फोडणीसारखी, आई म्हणाली.

तर, जूनमध्ये दिसतात. मेअखेर ते जूनचा मध्य चांगला. पण वर्षावर्षात फार फरक पडतो, एखाद्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. समुद्रालगतच्या जागा लवकर भरतात. पेट्रोलचा खर्च धरलात तर आरव्ही स्वस्त पडत नाही. बोटीतून बघायला गेलात तर हिमनगापासून लांब राहा, तो अचानक कलंडतो.

आणि हो, आरव्हीची पहिली पायरी फार उंच असते. आईला दर वेळी दोघांनी धरून चढवावं लागलं, शेवटी दुधाचा क्रेट उलटा करून ठेवला. हे दादाला अजून सांगितलेलं नाही.