मध्य आशियाला पर्यायी व्यापारमार्ग हवा असेल, तर नवे रेल्वेमार्ग टाकणे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही; खरी अडचण सांध्यांवर, म्हणजे रेल्वे, जहाज आणि सीमा जिथे एकमेकांना जोडल्या जातात तिथे आहे. 2022 मध्ये युक्रेन युद्ध भडकल्यावर रशियाला वगळून कझाकस्तान, कॅस्पियन समुद्र, अझरबैजान व जॉर्जियामार्गे युरोप गाठणाऱ्या मार्गाचे महत्त्व वाढले, परंतु मालगाडी कझाकस्तानच्या अक्ताऊ बंदरात वेळेवर पोहोचूनही अझरबैजानमधील बाकूकडे जाणारे जहाज वादळी वाऱ्यामुळे अडकले, तर कंटेनर धक्क्यावरच पडून राहतात. तुर्कस्तानकडे वळताना जॉर्जियातील अखलकलाकी येथे 1520 मिलिमीटर रुंदीचा लोहमार्ग संपून 1435 मिलिमीटर रुंदीचा सुरू होतो, तेथे पुन्हा खोळंबा. म्हणून बंदरे व रेल्वे यांची वेळापत्रके, सीमाशुल्काची कागदपत्रे आणि भाडेदर या देशांनी एकत्र बसून ठरवणे मला अधिक निकडीचे वाटते. कॅस्पियनची पातळी घटत असल्याने अक्ताऊतील गाळ उपसणे तर मुळीच लांबणीवर टाकता येणार नाही.