घर विकण्याआधी डोंगरावर एक हिवाळा काढा

सप्रेम नमस्कार.

माझे वय ५१ आहे. लग्न झाल्यापासून समुद्रकाठच्या या शहरात राहते. गेल्या तीनेक वर्षांपासून इथला उकाडा मला सोसेनासा झाला आहे. रात्री दोन-तीनदा घामाने चिंब होऊन जाग येते, छाती धडधडते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. एसी हॉलमध्ये आहे, पण तिथे सासूबाई (वय ८२) झोपतात आणि गार हवेने त्यांचे सांधे धरतात, म्हणून तो बंदच असतो. दरवर्षी ऐन उन्हाळ्यात आम्ही आठवडाभर डोंगरावरच्या एका गावी जातो. ते साधारण १५०० मीटर उंचीवर आहे. तिथे मी माणसात येते. यजमान नुकतेच निवृत्त झाले, तेव्हा इथले घर विकून तिकडे कायमचे राहायला जावे, असे मी सुचवले. ते “तू म्हणशील तसं” एवढेच म्हणाले. त्यानंतर त्या विषयावर बोलतच नाहीत. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी ते मित्रांबरोबर किनाऱ्यावर फिरायला जातात. मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असते. ती म्हणते, “आई, तुझ्या एकटीच्या सोयीसाठी तू सगळ्यांना उठवते आहेस.” घराला गिऱ्हाईक आले आहे आणि महिनाभरात इसार द्यायला तयार आहे. मी स्वार्थी आहे का?

— उकाड्याने त्रासलेली

ताई, स्वार्थाचा प्रश्न आधी निकालात काढू. जिला तीन वर्षे सलग झोप मिळालेली नाही, तिने झोपेची सोय शोधली तर त्याला स्वार्थ म्हणण्याचे कारण नाही. घरातल्या बाकीच्यांना रात्री झोप लागते, त्यामुळे तुमचा त्रास किती आहे हे त्यांच्या लक्षात आले नसावे, एवढेच. मात्र तुमच्या पत्रातला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, त्याचा तुम्ही ओझरता उल्लेख करून पुढे गेला आहात. ज्या शहरात इतकी वर्षे काढलीत, तिथला उकाडा नेमका तीन वर्षांपूर्वीच असह्य का होऊ लागला? जगभर रात्री पूर्वीपेक्षा उष्ण होत चालल्या आहेत हे खरे आहे. पण तो बदल दशकांच्या हिशेबाने होतो, आणि तुम्हाला जाणवलेला बदल तीन वर्षांतला आहे.

पन्नाशीच्या आसपास, रजोनिवृत्तीच्या काळात, शरीराचे तापमान सांभाळणारी मेंदूतली यंत्रणा फार हळवी होते. एरवी जाणवणारही नाही अशी किंचित वाढसुद्धा तिला जास्त वाटते आणि ती लगेच त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून, घाम फोडून उष्णता बाहेर टाकायला लागते. त्यातच छाती धडधडते आणि काही मिनिटांनी उलट थंडी वाजू लागते. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली, तरीही उकाडा सोसत नाही, नाडी जलद चालते, वजन उतरते, हाताला कंप सुटतो. काही औषधांनीही घामाचे प्रमाण वाढते. तुमच्या बाबतीत यांपैकी काय आहे, किंवा काहीच नाही, हे मी ठरवू शकत नाही. ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाहायचे आहे. परंतु थायरॉईडचा उलगडा रक्ताच्या साध्या तपासणीने होतो, आणि रजोनिवृत्तीच्या त्रासावर संप्रेरकांचे तसेच संप्रेरकांविनाही उपचार उपलब्ध आहेत. गार हवेत असे झटके कमी येतात, म्हणून डोंगरावर तुम्हाला बरे वाटते यात नवल नाही. पण मूळ कारण शरीरात असेल, तर ते सामानाबरोबर डोंगरावरही येईल, आणि तोवर इथले घर दुसऱ्याच्या नावावर झालेले असेल.

याचा अर्थ उकाडा तुमच्या मनाचा खेळ आहे, असा मुळीच नाही. समुद्रकाठी तापमापकावरचा आकडा फार मोठा नसतानाही जीव कासावीस होतो, कारण आपले शरीर मुख्यतः घाम वाळवून थंड होते, आणि हवेत आधीच भरपूर बाष्प असले की घाम नुसता निथळत राहतो, वाळत नाही. शिवाय समुद्र दिवसभरात फारसा तापत नाही तसा रात्री फारसा निवतही नाही, आणि दमट हवा जमिनीची उष्णता सहजासहजी वर जाऊ देत नाही, त्यामुळे रात्र होऊनही सुटका होत नाही. दिवसाच्या उन्हापेक्षा अशा रात्रीच माणसाला अधिक झिजवतात. यावर आजच्या आज करण्याजोगा एक उपाय आहे. हॉलमधला एसी तिथेच राहू द्या आणि एक लहान एसी तुमच्या झोपायच्या खोलीत बसवून घ्या. दार लावून, ड्राय मोडवर किंवा २६ अंशांवर, सोबत पंखा मंद ठेवून झोपा. दोन पिढ्यांना एकाच तापमानात झोपवण्याचा आग्रह कशासाठी, हे मला पत्र दोनदा वाचूनही कळले नाही.

आता डोंगराकडे वळू. समुद्रसपाटीपासून वर जाताना तापमान सरासरीने दर १००० मीटरमागे सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, म्हणजे तुमच्या त्या गावी किनाऱ्यापेक्षा नऊ-दहा अंशांनी थंड असणे स्वाभाविक आहे. हा फरक मोठा आहे आणि तो कायमचा आहे. उन्हाळ्यात तो वरदान वाटतो आणि हिवाळ्यात तेवढाच फरक सोसावा लागतो. तुम्ही ते गाव फक्त ऐन उन्हाळ्यात, वर्षातल्या त्याच्या सर्वांत देखण्या आठवड्यात, स्वयंपाक आणि झाडलोट दुसऱ्याकडे सोपवून पाहिले आहे. लग्नाच्या मांडवात पाहिलेल्या माणसाविषयी जेवढे कळते, तेवढेच तुम्हाला त्या गावाविषयी कळलेले आहे. पहाटे चारला नळाच्या पाण्यात हात घालवत नाही ते दिवस, आठवडाभर न हटणारे धुके, वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच असणे, पाऊस फार झाला की दरड कोसळून बंद पडणारा रस्ता आणि त्याबरोबर जाणारी वीज, यांतले तुम्ही अजून काहीच अनुभवलेले नाही. पाण्याचेही तसेच आहे. भरपूर पाऊस पडणाऱ्या डोंगरावरसुद्धा पाणी उतारावरून वाहून जाते, झरे कोरड्या दिवसांत आटतात, आणि त्याच दिवसांत पर्यटकांची गर्दी असते.

“डोंगरावरची हवा” असे आपण सरसकट म्हणतो, पण डोंगरावर दर अर्ध्या किलोमीटरला हवा वेगळी असते. वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर ढग अडून पाऊस कोसळतो आणि पलीकडची बाजू त्याच वेळी कोरडी राहते. स्वच्छ, शांत रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली दरीत साचते, म्हणून दरीच्या तळाशी असलेल्या घरात दंव पडते तेव्हा मधल्या उतारावरच्या घरात त्या मानाने ऊब असते. उंच ते थंड हा नियम अशा रात्री उलटा होतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर हिवाळ्यात ऊन मिळते, तर उत्तरेकडच्या उतारावरची घरे दिवसाचे कित्येक तास डोंगराच्या सावलीत काढतात आणि त्यांच्या भिंतींना बुरशी धरते. उन्हाळ्यात ही घरे सर्वांत आल्हाददायक वाटतात, आणि सुटीत आलेला माणूस नेमके तेच घर पसंत करतो! म्हणून घराची जागा हिवाळ्यातल्या दुपारी चार वाजता बघायची असते.

तुमच्या यजमानांच्या आणि सासूबाईंच्या प्रकृतीविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. १५०० मीटरवर हवेचा दाब, आणि त्याबरोबर श्वासातून मिळणारा प्राणवायू, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी असतो. उंचीवरचे आजार सहसा २५०० मीटरच्या पुढे सुरू होतात, त्यामुळे धडधाकट माणसाला या उंचीवर चढताना थोडा दम लागण्यापलीकडे बहुधा काही होत नाही. मात्र हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर गोष्ट वेगळी. रक्तदाबाच्या बाबतीत मला उंचीपेक्षा थंडीची काळजी वाटते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो, त्यामुळे तिथे गेल्यावर गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावे लागू शकते. आणि ज्या सासूबाईंना एसीचा गारवा सोसत नाही, त्यांना तुम्ही अशा गावी नेऊ पाहता आहात जिथे तो गारवा बटण दाबून बंद करता येणार नाही, याचा विचार पत्रात कुठेच दिसला नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून ऊब करण्याची पद्धत तर जिवावर बेतू शकते, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वासही नसतो. रात्री दोन वाजता, धुक्यात, हृदयरोगावर उपचार करणाऱ्या रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागेल, हे तिथे राहणाऱ्या माणसाकडून विचारून घ्या. नकाशावरच्या किलोमीटरवरून घाटातल्या वेळेचा अंदाज येत नाही.

आणि यजमान. “तू म्हणशील तसं” हे तुम्ही होकार म्हणून ऐकले आहे, किंवा होकार म्हणून ऐकायची तुमची इच्छा आहे. निवृत्तीने त्यांची कचेरी, तिथली माणसे, दिवसाची घडी हे सगळे नुकतेच काढून घेतले. उरली आहे ती सकाळची किनाऱ्यावरची फेरी आणि तिथले मित्र. साठीच्या आसपास नवी मैत्री जुळत नाही असे नाही, परंतु तिला वेळ लागतो, आणि ज्या गावातली अर्धी घरे हंगाम संपला की कुलूपबंद होतात तिथे तो अधिकच लागतो. तुमची तडफड ते रोज रात्री पाहतात, त्यामुळे “मला यायचे नाही” असे म्हणणे त्यांना क्रूरपणाचे वाटत असेल. म्हणून त्यांनी निर्णय तुमच्यावर टाकला आहे. यात चांगुलपणा आहे, पण थोडी पळवाटही आहे, कारण पुढे काही बिनसले तर दोष कोणाचा हे आताच ठरून गेलेले आहे. त्यांना “जायचे का?” असे पुन्हा विचारू नका, तेच उत्तर मिळेल. “तिथे गेल्यावर सकाळी सहा ते नऊ तुम्ही काय कराल?” असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत, दोन दिवस लागले तरी, मध्ये बोलू नका. त्यांना खरेच काही सुचले, मग ती बाग असो, शिकवणी असो की नुसते चालणे, तर तो तुम्हाला मिळालेला पहिला खरा होकार असेल. सासूबाईंनाही स्वतंत्रपणे, मुलाच्या गैरहजेरीत, विचारा. ८२ वर्षांच्या बाईला सामानासारखे हलवले जाते तेव्हा तिला ते कळत असते.

मुलीचे बोलणे फार मनाला लावून घेऊ नका. दूर राहणाऱ्या मुलांना आपले लहानपणीचे घर जागच्या जागी असावेसे वाटते, आणि त्या वाटण्याला ती बाबांची काळजी म्हणत असावी. तिला रागाने उत्तर देण्याऐवजी, सुटी काढून ऐन उकाड्यात चार रात्री तुमच्या खोलीत झोपायला बोलवा.

गिऱ्हाइकाकडून इसार घेऊ नका. एकदा तो घेतला की सौद्यातून मागे येणे खर्चाचे आणि मनस्तापाचे होते, आणि महिनाभरात ठरवा असा दबाव गिऱ्हाइकाच्या सोयीचा असतो, तुमच्या नव्हे. आधी तपासण्या करून घ्या, खोलीत एसी बसवा, आणि उपचारांना डॉक्टर सांगतील तेवढा अवधी द्या. त्यानंतरही इथे राहणे अशक्य वाटले, तर त्या गावात मधल्या उतारावर, उन्हाच्या बाजूला घर भाड्याने घ्या आणि तिथे पावसाचे दिवस आणि पूर्ण हिवाळा काढा. इथले घर तोवर कुलूपबंद ठेवू नका, खाऱ्या दमट हवेत बंद घराच्या बिजागऱ्या, तारा आणि उपकरणे झपाट्याने गंजतात. कोणाला तरी राहायला द्या, किंवा यजमानांना अधूनमधून येऊन राहू द्या, म्हणजे त्यांचे मित्रही तुटणार नाहीत. हे येणे-जाणे त्यांना तुमच्यापेक्षा सोपे जाईल, हे लक्षात असू द्या, कारण उष्णतेची सवय गार हवेत काही आठवड्यांतच जाते आणि परत आल्यावर किनारा तुम्हाला आजच्यापेक्षाही कडक वाटेल. डोंगरावर ऊन मात्र कोवळे समजू नका. दर १००० मीटरला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि गारव्यामुळे त्वचा भाजते आहे हे कळत नाही.

वर्षातले चार महिने वर आणि बाकीचे खाली, अशी विभागणी तुमच्या घराला सर्वांत मानवेल असा माझा कयास आहे. पण हिवाळा संपल्यावर तुम्ही दोघेही तिथेच राहू म्हणालात, आणि सासूबाईंची त्याला हरकत नसली, तर इथले घर निःशंक मनाने विका. आजचे गिऱ्हाईक तोवर थांबले नाही, तर दुसरे शोधता येईल.